माती परीक्षणात खड्यांचीही नोंद हवी

मा. संपादक,

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (आम्ल-विम्लता, pH), नत्र, स्फुरद, पालाश, जस्त असे १२ घटक येतात. खडे येत नाहीत. प्रयोगशाळेत माती २ मिमीच्या चाळणीतून गाळतात आणि वर उरलेले फेकून देतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खोल काळ्या रानात त्याने फारसे बिघडत नाही. यवतमाळकडच्या बरडावर, म्हणजे उथळ, खडे असलेल्या जमिनीवर मात्र अहवाल शेतापेक्षा चांगला दिसतो.

मोजणी घरीही होते. उतारावरची, मधली आणि पायथ्याची माती वेगळीच ठेवा. एकत्र केली की सरासरी फसवी येते. ३० सेंमी खोलीपर्यंतची २ किलो माती वाळवा, लाकडी मोगरीने फोडा, चाळा, वरचे खडे धुऊन, वाळवून तोला. धुणे टाळू नका, काळ्या मातीची ढेकळेही खड्यांसारखीच दिसतात. खडे अर्धा किलो भरले, तर वजनाने २५ टक्के. आकारमानाने साधारण १४ टक्के, कारण खडे मातीपेक्षा घट्ट असतात. तेवढ्या जागेत ओल जवळपास धरतच नाही. लिंबू पिळल्यावर फसफसले तर ती चुनखडी, मुरूम नव्हे; संत्र्याची बाग लावणाऱ्याने हे आधी पाहावे.

पत्रिकेत खड्यांचा एक रकाना वाढवावा. चाळणी आणि काटा तिथे आहेतच.

– एक वाचक, यवतमाळ जिल्हा