दोनच टाळ्या वाजवल्या

बोस्टन, रविवार

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा म्हणाले होते व्हॉट्सॲपवरचे तुकडे नकोत, आजीला वाचून दाखवता येईल असं नीट लिही, म्हणून बसलेय. मी बरी आहे, जेवते, व्हिडिओवर बारीक दिसले कारण दिवा मागे होता. आणि गुरुवारी रात्री सव्वादहाला मी बाहेर काय करत होते हे आईने तीनदा विचारलंय तर सांगते, गाण्याला गेले होते, म्हणजे इथल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीला. एकटी नव्हते. लॅबमधल्या एक वयस्कर बाई होत्या, त्यांच्या नवऱ्याला ताप आला म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं, म्हणजे फुकट, बाबा. ट्राम हॉलजवळच थांबते, स्टेशनचं नावच सिम्फनी आहे.

हॉल १९०० सालचा. बांधायच्या आधी हार्वर्डच्या वॉलेस सबीन नावाच्या फिजिक्सवाल्याने आवाज किती वेळ घुमतो त्याचं गणित करून दिलं होतं. स्टेजच्या वर नावं कोरायला पाट्या केल्यात आणि नाव फक्त एकाच पाटीवर, बेथोव्हेनचं, बाकी सगळ्या कोऱ्या. एकमत म्हणे त्याच्या एकट्यावरच झालं. आपल्या सोसायटीची मीटिंग आठवली.

सुरुवातीला ओबो नावाचं वाद्य, सनईची लांबची बहीण म्हणा, एक सूर धरतं. पांढरी सहा. आणि स्टेजवरचे सगळेच्या सगळे त्याला मिळवून घेतात, अर्ध्या मिनिटात खेळ खलास. बाबा, तुम्ही तंबोऱ्याच्या जवारीला अर्धा तास लावता आणि आई आतून ओरडते पोहे गार झाले. पण मला तेवढंच इतकं बरं वाटलं ना, की पुढचं काही नसतं तरी चाललं असतं.

सगळं अमेरिकन संगीत होतं. पहिला चार्ल्स आइव्हज, हा माणूस दिवसा विमा विकायचा, आपल्या मामासारखा, आणि उरलेल्या वेळात असलं काहीतरी लिहायचा. त्याच्या रचनेचे तीन भाग, पहिला इथल्याच एका स्मारकावर, मी त्याच्यासमोरून कितीदा गेलेय. दुसऱ्या भागात दोन बँड एकाच वेळी वेगवेगळं वाजवत एकमेकांवर येतात असा गोंधळ आहे, हुबेहूब आपलं मिरजेचं विसर्जन, लक्ष्मी मार्केटपाशी दोन मंडळं समोरासमोर आली की होतं तसं. त्या भागाचा शेवट धाडकन झाला आणि मी टाळ्या वाजवल्या.

दोनच वाजवल्या. कारण बाकी कुणीच वाजवत नव्हतं.

आता हे नीट सांगते कारण मला अजून पटलेलं नाहीये. इथे भाग संपला की टाळी नाही. भाग संपतो, कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून हातांनी सगळ्यांना वाजवायला लावणारा, हात थोडे खाली घेतो, आणि मग हजारो माणसं एकदम खोकतात, इतका वेळ दाबून ठेवलेलं असतं ना, खुर्च्या करकरतात, कुणी खोकल्याची गोळी सोलतं, परत चिडीचूप. असे जितके भाग तितके वेळा. हातातल्या कागदावर भाग मोजत बसायचं आणि शेवटचा झाला, त्याचे हात पूर्ण खाली आले, की मग टाळ्या, त्याही उभं राहून. बाई म्हणाल्या मोझार्टच्या काळी लोक मध्येच वाजवायचे, नंतर बंद झालं, का तर तंद्री मोडते. अहो पण तंद्री लागते म्हणूनच तर व्वा निघतो! आपल्याकडे दर्ग्यात उरुसाला समेवर मागून कुणीतरी हुंकार देतंच की, गाणारा त्यावरच पुढची तान घेतो. पुढचे आजोबा वळून माझ्याकडे बघून हसले. रागावले असते तर परवडलं असतं.

मग पाहुणी गायिका आली, सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात वरच्या पट्टीचा आवाज. अडीच हजारांच्या वर खुर्च्या आणि माइक नाही! सॅम्युअल बार्बरचं 'नॉक्सव्हिल: समर ऑफ १९१५', पंधराएक मिनिटांचं, १९४८ साली ते पहिल्यांदा ह्याच हॉलमध्ये गायलं गेलं. बार्बरचे वडील आजारी होते तेव्हाचं लिहिलेलं आहे, त्यांच्याच स्मरणार्थ. तेवढ्या वरच्या पट्टीत शब्द काही कळत नव्हते, कागदावर वाचले. गोष्ट काहीच नाही. उन्हाळ्यातली संध्याकाळ, लोक व्हरांड्यात बसलेत, ट्राम जाते, मग अंगणात गवतावर गोधड्या पसरून घरातले सगळे आडवे, आई, वडील, काका, मावशी, आणि बारीक आवाजात काहीबाही बोलतायत, आणि एक लहान मूल ऐकतंय.

आपली गच्ची. बाबांच्या उशाशी तांब्या, आजीचं जप पुटपुटणं आणि निलूचा पाय माझ्या पोटावर. रडले वगैरे नाही, बाईंनी रुमाल दिला तो सर्दीसाठी.

मध्यंतरात फोन बघायला नको होता. नंतर कोपलँड नावाच्या संगीतकाराचं होतं, चांगलं असणार, माझं लक्ष नव्हतं.

बरं, कामाचं. कार्यालयाचे दीड लाख सोमवारी पाठवलेत, आले का बघा. लोनचा हप्ता वेगळा कापला जातो, त्याची काळजी नको. धाकटीचं आधी कसं असं आत्याने विचारलं तर सांगा मोठीला घाई नाही. औंधच्या मुलाचा फोटो पाहिला, बरा आहे, पण एवढ्यात कळवू नका.

आणि निलूच्या लग्नाला मला यायला जमणार नाहीये. त्या मध्यंतरात वकिलाची मेल आली होती, कंपनीने व्हिसाचा अर्ज भरलाय त्याचा निकाल लागेपर्यंत देश सोडला तर अर्ज आपणच सोडला असं धरतात. मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणाल आधी कळत नव्हतं का, तर नव्हतं कळत. निलूला मीच सांगेन, आज रात्री नाही, उद्या. आजीला वाचताना हे गाळा.

करवली म्हणून मीनूला उभं करा. माझी आंबा रंगाची पैठणी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, ब्लाउज तिला सैल होईल, दोन्ही बाजूंनी टाके घालायला सांगा पण कापू नका.

तुमची,
मोठी