केरीचा उतार

साखळी, गोवा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "रविवारची राइड कशी झाली?" आणि मी पावसाचं बोलायला लागलो. तुझ्या ते लक्षात आलं असणार. तेव्हा सांगवलं नाही, म्हणून आता बसून लिहितोय.

आपली ती जपानी सायकल तुला आठवत असेलच. हणजूणच्या बाजारात त्या जर्मन माणसाकडून घेतलेली. पैसे कमी पडले तेव्हा तू खिशातले काढून दिले होतेस आणि तू स्वतः मात्र अजून रेंजरच चालवत होतास. ती मी अजून चालवतो. पोलादी फ्रेम, २६ इंची चाकं, हँडलवर अंगठ्याने फिरवायचे गिअरचे खटके, पुढे-मागे रिमवर रबर दाबणारे कँटिलिव्हर ब्रेक. हँडल जेमतेम ५८ सेंटिमीटर रुंद, ते फ्रेमला जोडणारा स्टेम लांबलचक. रंग उडालाय, पण दरवर्षी पावसाळ्याआधी मी ती पूर्ण खोलतो, साफ करतो, ग्रीस भरतो. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद इतकी वर्षं टिकवायचं म्हणजे त्याच्याकडे रोज बघावं लागतं.

आमच्या रविवारच्या टोळीत आता बहुतेक मुलं पंचविशी-तिशीतली. त्यांच्या सायकली २९ इंची, पुढे-मागे शॉक, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, बटण दाबून बसलं की सीट खाली जाते. माझ्या सायकलीला कुणी "अँटिक" म्हणायचं, कुणी "भंगार". हसत म्हणायचे, पण म्हणायचे. मीही गप्प बसायचो नाही. त्या रविवारी म्हादईच्या काठी चहा घेताना एकाने विचारलं, "काका, ही अजून किती दिवस ओढणार?" मी पटकन म्हणालो, "मी निदान सायकल चालवतो. तुम्हाला सायकल चालवते. उतारावर तुम्ही नुसते बसलेले असता."

तो मुलगा काही बोलला नाही. चहाचा ग्लास ठेवला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. नंतर दुसऱ्याने सांगितलं, वेर्ण्याच्या कारखान्यात पाळ्या करून, दोन वर्षं पगारातून बाजूला टाकून त्याने ती सायकल घेतली होती. सुहास, मला फार लागलं ते. त्या जर्मन माणसासमोर आपण दोघं नोटा मोजत उभे होतो, ते डोळ्यांपुढे आलं.

पुढच्या रविवारी मीच त्याला म्हटलं, "चल, आज सायकली बदलू." केरीला अंजुणे धरणाच्या बाजूला काजूच्या बागेतून एक वाट उतरते. वर सुटी खडी, मधे जांभ्याच्या पायऱ्यांसारख्या कडा, खाली मुळं आणि लाल चिखल. पाऊस नुकताच उघडला होता. चिऱ्यावर शेवाळ धरायला लागलं होतं.

आधी मी उतरलो, त्याच्या सायकलीवर. पहिल्या कडेशी आलो तेव्हा सवयीने अंग मागे टाकलं, सीटच्या मागे, पोट सीटला टेकेल इतकं. तर पुढचं चाक भरकटायलाच लागलं. मागून तो ओरडला, "मागे नको काका, मधे उभे राहा!" उभा राहिलो आणि चाक जमिनीला धरून चाललं. नव्या सायकलीचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, पुढे कललेला असतो. माझ्या सायकलीत त्याचा जमिनीशी कोन ७१ अंशांच्या आसपास, त्याच्या सायकलीचा ६५ पेक्षा कमी. चाक माणसाच्या इतकं पुढे असतं, की कडेवरून उतरताना आपण त्याच्यावरून फेकले जाऊ ही भीतीच राहत नाही. पण त्या चाकावर वजन दिलं नाही तर ते ऐकत नाही. म्हणजे नुसतं बसून चालतच नाही. अंगाने सतत काम करावं लागतं, फक्त ते काम वेगळं. खाली पोचलो तेव्हा माझी बोटं सुन्न झाली नव्हती. इतक्या वर्षांत त्या वाटेवर हे पहिल्यांदा घडलं.

मग तो उतरला. त्याला मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: आधी थांबून सीट खाली घे, आणि ब्रेक लागेल तिथे दाबू नकोस, त्याच्या आधी दाब. ओल्या रिमवर लाल चिखल बसला की कँटिलिव्हरचं रबर आधी तो चिखल पुसतं. चाकाचा एक वेढा, कधी दोन वेढे काहीच होत नाही, नुसता खरखर आवाज येतो, आणि मग एकदम पकड येते. त्या एका वेढ्याचा हिशेब मनात ठेवून उतरायचं. तो पहिली कड उतरला. दुसऱ्या ठिकाणी मुळांच्या खोबणीत चाक अडकलं, पाय टेकला. परत वर चढला, वाट निरखून बघितली, दुसऱ्या अंगाने उतरला. खाली आला तेव्हा दंड थरथरत होते. म्हणाला, "काका, या सायकलीवर प्रत्येक दगड दिसतो. माझ्या सायकलीवर हे दगड आहेत हेच मला माहीत नव्हतं." आणि धरणाकडच्या छोट्या चढावर तीच सायकल त्याला इतकी आवडली, की दोनदा चढून आला. पायडल मारलं की तेवढं पुढे जाते, शॉकमध्ये काही मुरत नाही, याचं त्याला नवल वाटत होतं.

त्या रात्री मला रीपॅकच्या शर्यतीची आठवण झाली. आपण कॉलेजात असताना त्या फाटक्या मासिकातून वाचलं होतं बघ. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत फेअरफॅक्सजवळच्या डोंगरावर १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये ती पहिली शर्यत झाली. दोन मैलांच्या आसपासची वाट आणि सुमारे १३०० फुटांचा उतार. सायकली महायुद्धाच्या आधीच्या, फुगीर टायरांच्या, जड. मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक. उतरताना हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं, हे नाव पडलं ते त्यावरूनच. मी आजवर ही गोष्ट सगळ्यांना सांगत आलो ती जुन्याचा मोठेपणा म्हणून. पण त्या लोकांना जळकं ग्रीस आवडत नव्हतं रे! पुढच्याच वर्षी, १९७७ साली, त्यांच्यातल्याच जो ब्रीझने त्या डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली. १९७९ मध्ये त्याच टोळीतल्या गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने घडवलेल्या फ्रेम विकायला सुरुवात केली. तोच फिशर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लांब फ्रेम आणि आखूड स्टेम घेऊन आला, नंतर २९ इंची चाकाच्या मागे लागला. आज त्या मुलाच्या सायकलीत जे आहे त्याची सुरुवात आपण ज्यांना जुने म्हणून पूजतो त्यांनीच केली. तिथे त्या काळी एखादा डिस्क ब्रेक घेऊन आला असता तर त्यांनी त्याला मिठीच मारली असती. मी मात्र त्यांच्या नावाने त्या मुलाला हिणवलं.

पण एक गाऱ्हाणं मी सोडणार नाही, आणि ते मुलांवर नाही. चार महिन्यांपूर्वी एका दुकानात माझं मागचं चाक आऊट काढायला नेलं. बघताक्षणी म्हणाले, "ही आम्ही घेत नाही." तारा ताणायच्या, एवढंच काम! शेवटी आपल्या साखळीच्या बाजारातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने अर्ध्या तासात करून दिलं. आणि त्याच मुलाची सायकल गेल्या पावसात तीन आठवडे पडून होती, ब्रेकचा एक भाग बाहेरून यायचा होता म्हणून. माझ्या मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर, मग १४२ आली, मग १४८. दर काही वर्षांनी आधीचं चाक नव्या फ्रेममध्ये बसत नाही. हे माणसाच्या सोयीसाठी चाललंय असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. सकाळी दारात हॉर्न वाजवत पोदेर येतो, त्याच्या सायकलीला कुठलाही मिस्त्री कुठलाही भाग लावून देतो, आणि पाव कधी उशिरा येत नाही. मुलांना हे सांगतो तेव्हा तीही आता मान डोलावतात. त्यांचाही खिसा त्यातच रिकामा होतो.

मंगळवारी तो मुलगा घरी आला होता. म्हणाला, "ग्रीस कसं भरतात ते दाखवा." अंगणात तुळशीजवळ वर्तमानपत्र पसरून मागचा हब खोलला. छर्रे दाबून धरणारा नटासारखा भाग, ज्याला 'कोन' म्हणतात, तो सैल केला, आस काढला आणि वाटीतले छर्रे बाहेर घेतले. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. त्याच्या सायकलीत सगळं बंद बेअरिंग, छर्रे त्याने हातात कधी घेतलेच नव्हते. रॉकेलमध्ये धुतल्यावर एकेक उजेडात धरून बघत होता. एकावर बारीक खड्डा पडलेला त्यालाच दिसला. मला नजर कमी पडते आता, मी तो तसाच बसवला असता. सगळे अठरा बदलले. कोन किती आवळायचा हे मात्र सांगून कळत नाही. चाक हाताने हलवून खुळखुळ जाईपर्यंत आवळायचं, आणि फिरवून जड लागलं की केसभर सोडायचं. त्याला पाचव्या खेपेला जमलं. चाक हवेत सोडलं तेव्हा हवा भरायचा व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने आपोआप खाली येऊन थांबला, म्हणजे चाक कुठेच अडत नव्हतं. तो कितीतरी वेळ ते परत परत फिरवत बसला होता.

सीमाला आणि मुलांना आशीर्वाद. चतुर्थीला येणारच आहेस, तेव्हा पुण्यात २६ इंची, २.१ रुंदीच्या टायरची जोडी मिळाली तर घेऊन ये. इथे मिळत नाही. आणि तुझी ती रेंजर माळ्यावरून खाली काढून ठेवली आहे. तिच्या हबची वाटी गंजली आहे का ते बघायचं काम त्या मुलाने स्वतःकडे घेतलंय.

तुझा,
विनायक