तांब्याचा ब्लॉक वाचवणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. त्या संध्याकाळी तुम्ही मला जे दाखवलंत, ते आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी आलो होतो तांब्याची तक्रार घेऊन. माझ्या पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं तापमान चार महिन्यांत साठ अंशांवरून ऐंशीच्या पुढे गेलं होतं, आणि वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी खेळणारा तांब्याचा ठोकळा) उघडला तर आतलं लखलखीत तांबं तपकिरी पडलेलं. पॉलिश पेपरने घासायचं आणि वर पारदर्शक लॅकर मारायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं. तुम्ही ब्लॉक खिडकीपाशी नेलात, त्या तपकिरी रंगाकडे फारसं लक्ष न देता पात्यांच्या फटीत सुई घातलीत. टोकावर पांढरट, बुळबुळीत गाळ आला. "हे तांब्याचं नाही. रेडिएटर आण," म्हणालात.

रेडिएटर, म्हणजे तापलेलं पाणी थंड करणारा भाग, मला तांब्याचा म्हणून विकला गेला होता. तुम्ही कोपऱ्यात कानशीने जरासा ओरखडा काढलात. काळ्या रंगाखालून ना लालसर तांबं दिसलं, ना पिवळं पितळ. दिसली ॲल्युमिनियमची फिकी रुपेरी चमक. हातात घेऊन म्हणालात, "वजनावरूनच कळायला हवं होतं."

मग कागदावर दोन्ही धातूंच्या विद्युत विभवाचे आकडे लिहिलेत: तांबं अधिक ०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियम उणे १.६६. दोन्ही धातू एकाच पाण्यात आणि शिवाय एकमेकांना विजेने जोडलेले असले की बॅटरीच तयार होते. कागदावर फरक दोन व्होल्टचा. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो म्हणून प्रत्यक्षात कमी, पण पुरेसा. यात झिजतं ॲल्युमिनियम, तांबं उलट वाचतं. पाण्यात उतरलेला थोडासा तांब्याचा अंश मात्र ॲल्युमिनियमवर जाऊन बसतो आणि तिथे भोकं पाडतो. झिजलेल्या ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड, म्हणजे तोच पांढरट गाळ, माझ्या ब्लॉकच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद फटींत साचला होता. चार महिने मी दोष देत होतो तांब्याला!

तपकिरी रंग म्हणजे ऑक्साइडचा अगदी पातळ थर, उष्णतेला तो जाणवतही नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर केल्विन, लॅकरची ०.२ च्या आसपास. ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर काढायची, त्यालाच मी पांघरूण घालणार होतो. पॉलिश पेपरचे कण फटींत अडकले असते ते वेगळंच.

ब्लॉकच्या तळाशी एक गडद ठसा होता, तो माझ्याच अंगठ्याचा. घामातल्या क्षारांनी तांबं डागाळतं. आता हातमोजे घातल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही आणि बसवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो.

साफ करताना तुम्ही शेजारी बसून राहिलात, त्याबद्दल कसे आभार मानू? पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, तेही काही मिनिटंच, आणि मऊ ब्रश. मी मिठाचं विचारलं तर जवळजवळ ओरडलात: फटीत क्लोराइड मागे राहिलं की तांब्यात खड्डे पडतात. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रवही नको, तो तांबं विरघळवतो. मग डिस्टिल्ड वॉटरने धुणं. मला तीनदा पुरेसं वाटलं. तुम्ही सहाव्यांदा "अजून एकदा" म्हणालात. रबरी सील मात्र आधीच काढून बाजूला ठेवले होते.

नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, या माझ्या समजुतीलाही तुम्ही थांबवलंत. ते शुद्ध राहत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच ५.६ च्या आसपास उतरतो, धातूंचे आयन मिसळत जातात आणि त्यातून वीज वाहू लागते. म्हणून पाण्याऐवजी भरायचं तयार कूलंट, ज्यात बेंझोट्रायझोल हे धातू जपणारं रसायन असतं. हे रसायन तांब्याला चिकटून डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतं. संग्रहालयांत जुन्या ब्रॉन्झच्या मूर्ती जपायला हेच रसायन वापरतात, हे सांगताना तुमचा चेहरा किती खुलला होता! पण ते विषारी आहे, नुसती पावडर घरी आणून ढवळत बसू नकोस, असं बजावायलाही विसरला नाहीत. आणि ॲल्युमिनियम तसंच ठेवून केवळ कूलंटवर विसंबू नकोस, हे तर दोनदा.

तांब्या-पितळेचा रेडिएटर बसवून आता अकरा महिने झाले. फिटिंगही निकेलच्या मुलाम्याची पितळीच घेतली. तापमान पुन्हा साठीत आहे. दर महिन्याला कूलंट थोडं काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरतो: गढूळपणा नाही, हिरवट छटा नाही. ब्लॉकच्या पारदर्शक झाकणातून तपकिरी तांबं दिसतं, आणि मी ते तसंच राहू देतो.

तुमचा मऊ ब्रश अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देतो, बाटलीही सोबत आणीन. एकदा तुमच्या खिडकीपाशी धरून बघा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा शेजारी