झुकणाऱ्या गाडीला न झुकणारा ट्रेलर: तक्रार पत्र क्रमांक 3

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: मोटरसायकलमागे लहान होडी ओढण्यासाठी घेतलेला ट्रेलर व हिच (गाडीमागे ट्रेलर अडकवायचा जोड) परत घेण्याबाबत

महोदय,

या विषयावरचं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्ही पत्रांना तुमच्याकडून उत्तरं आली, पण ती वाचून उत्तर लिहिणाऱ्याने मोटरसायकल वळताना कधी पाहिली आहे की नाही अशी शंका येते. म्हणून या वेळी अगदी मुळापासून लिहितो.

जाहिरातीत 'खास मोटरसायकलसाठी बनवलेला बोट ट्रेलर' असे शब्द आहेत. मी त्यातल्या 'खास' या शब्दाचे पैसे मोजले. माझी होडी फायबरची, 2.7 मीटर लांब, 41 किलोची. तुमचा रिकामा ट्रेलर 46 किलोचा (माहितीपत्रकात 38 आहे, पण तो वाद आत्ता राहू दे). वल्ही, लाइफ जॅकेट धरून मागे एकूण 90 किलो. माझी मोटरसायकल 210 किलोची आहे. ब्रिटनमध्ये मोटरसायकलमागच्या भरलेल्या ट्रेलरला 150 किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांतलं जे कमी असेल ती मर्यादा आहे. त्या हिशेबाने माझी मर्यादा 140 किलो होते. तेव्हा पहिल्या उत्तरातला 'जादा वजन लादल्याची शक्यता' हा मुद्दा इथेच मिटवू या.

आता मुख्य दोष. कार वळते तेव्हा ती सपाट राहते. मोटरसायकल झुकते, आणि झुकल्याशिवाय ती वळतच नाही. दोन चाकांचा ट्रेलर मात्र रस्त्याला धरून सपाटच चालतो. म्हणजे पुढची गाडी कलते आणि मागची कलत नाही, आणि या दोघींच्या भांडणाचा सगळा ताण हिचवर येतो. त्यासाठी मोटरसायकलच्या ट्रेलरला फिरतं कपलर लावतात. कपलर म्हणजे ट्रेलरच्या दांडीच्या टोकाची वाटी, ती हिचवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर बसते. फिरत्या कपलरमध्ये बॉलच्या मागे दांडीत एक शाफ्ट असतो, तो स्वतःभोवती मोकळा फिरतो. गाडी कितीही झुकली तरी ट्रेलरला त्याचा पत्ता लागत नाही. तुम्ही दिलंय ते कारचं साधं बॉल कपलर. ते डावीउजवीकडे मोकळं वळतं, वरखालीही बऱ्यापैकी हलतं, पण पीळ पडला की थोड्याच अंशांत अडतं.

किती अंशांत, ते मी मोजलं. सपाट जागी ट्रेलर जोडून दोघांनी गाडी धरली आणि कोनमापक लावून हळूहळू कलती केली. 22 अंशांवर कपलरची कड बॉलच्या मानेला टेकली. त्यापुढे गाडी ढकलली की ट्रेलर तिला उलट ढकलत होता.

22 अंश म्हणजे काही शर्यतीतला कोन नव्हे. 30 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 40 किलोमीटरने घेतलं की मोटरसायकल सुमारे 23 अंश झुकते. 50 ने घेतलं तर 33 अंश. दुसऱ्या उत्तरात तुम्ही लिहिता, 'ग्राहकाने 20 अंशांपेक्षा जास्त झुकणे टाळावे.' अहो, किती झुकायचं हे वेग आणि वळण मिळून ठरवतात, मी घरून ठरवून निघत नाही.

प्रत्यक्षात काय झालं तेही वाचा. तिसऱ्याच फेरीला एका वळणावर, ताशी 45 च्या आसपास, गाडी अर्ध्यात झुकायची थांबली. हँडल धरून ढकलतोय आणि ती सरळ उभी राहू बघतेय, जणू मागून कोणीतरी कॉलर धरली आहे. वळण पुढे चाललेलं आणि मी सरळ. मधली रेषा ओलांडून पलीकडच्या बाजूला गेलो. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून हे पत्र मी स्वतः लिहितो आहे.

यावर तुम्ही काढलेला उपाय तर मूळ दोषापेक्षा भयंकर. 'अधिक लवचिकतेसाठी' म्हणून एक नवा बॉल पाठवलात. बसवून पाहिला, गाडी खरोखर जास्त झुकू लागली. मला आनंद झाला, पण अर्धाच तास. कपलर खडखड वाजत होतं म्हणून बॉलवरचा आकडा वाचला: 1⅞ इंच, म्हणजे 47.6 मिलिमीटर. कपलरवर ठोकलंय 50. हा जवळपास अडीच मिलिमीटरचा ढिलेपणा म्हणजे तुमची लवचिकता! खटका बसतो, पिन लागते, वरून सगळं ठीक दिसतं, आणि एखाद्या खड्ड्यात कपलर बॉलवरून उडी मारून मोकळं होऊ शकतं. होडी मला ओव्हरटेक करून पुढे जावी अशी तुमची योजना असेल तर तसं माहितीपत्रकात छापा. तो बॉल मी काढून ठेवला आहे, पुरावा म्हणून.

दांडीवरच्या भाराबद्दल थोडक्यात. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हिचवर यावा, म्हणजे माझ्या बाबतीत 9 किलो. वजनकाट्यावर दांडी टेकवली तर भरले 3. कारण होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जिथे टेकते तो खांब तुम्ही वेल्डिंग करून टाकलाय आणि तो पुढे सरकत नाही, त्यामुळे होडी ॲक्सलच्या मागेच जास्त बसते. बैलगाडी उलाळ झाली की काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ताशी 60 च्या पुढे ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. तिथे दोन नट-बोल्ट आणि चार भोकं असती तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

आणि बेअरिंग. चौथ्या फेरीनंतर डाव्या चाकातून घरघर येऊ लागली. झाकण उघडलं तर ग्रीस दुधासारखं पांढुरकं, म्हणजे आत पाणी गेलेलं. रस्त्यावर धावून हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसलेला भाग) तापतो, तसाच थंड पाण्यात उतरवला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून बोट ट्रेलरच्या हबला आतून ग्रीसचा दाब ठेवणारी स्प्रिंगची झाकणं लावतात. तुम्ही पत्र्याची साधी टोपणं लावलीत. पाण्यात घालण्यापूर्वी हब निवू द्यावा, हे एक वाक्यही पुस्तिकेत नाही. तुमचं उत्तर होतं: 'पाण्यात बुडवल्यामुळे वॉरंटी लागू नाही.' हे वाक्य मी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. बोट ट्रेलर पाण्यात न्यायचा नाही, तर मग होडी कुठे उतरवायची?

माझ्याकडून झालेली चूकही सांगतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. रस्त्यात पावसाचं पाणी साचू नये म्हणून होडीच्या तळाचं बूच काढून ठेवतो. एकदा ते परत लावायला विसरलो आणि होडी पाण्यात उतरवताच भरू लागली. त्यात तुमचा काही दोष नाही. पण बाकी सगळा आहे.

माझी मागणी अशी: ट्रेलर, हिच आणि दोन्ही बॉल परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. फिरतं कपलर पाठवतो म्हणाल तर आता ते नको, कारण ते बसवायला दांडी बदलावी लागेल आणि खांब व हबचा प्रश्न तसाच राहील. हाच ट्रेलर घेतलेल्या बाकीच्या ग्राहकांना तो मोटरसायकलमागे जोडू नका असं लेखी कळवावं, आणि ज्यांना 47.6 चा बॉल पाठवलाय त्यांना आजच्या आज फोन करावा. माझ्या पैशांपेक्षा हे आधी करा. लेखी उत्तर 15 दिवसांत हवं, नाहीतर ही तीनही पत्रं, मोजमापांचे फोटो आणि तो बॉल घेऊन मी कायदेशीर मार्गाने जाईन.

परत करण्यासाठी ट्रेलर तुमच्या केंद्रावर आणून द्यावा, असं तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवलं. तो मोटरसायकलला जोडून मी आणणार नाही. टेम्पो पाठवा.

आपला,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, आधीच्या दोन पत्रांच्या व उत्तरांच्या प्रती, कोनमापक आणि बॉलवरील आकड्यांचे फोटो