अग्रलेखात त्रिंकोमाली कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारचा अग्रलेख दोनदा वाचला. एकदा सकाळी, आणि दिवसभर डोक्यातून जाईना म्हणून पुन्हा रात्री. आधीच्या सरकारने सुरू केलेले युद्ध नव्या सरकारच्या गळ्यात पडले तर ते कधी संपते का, असा तुमचा प्रश्न. त्यासाठी तुम्ही निक्सन, गोर्बाचेव्ह, ओबामा, बायडेन अशी सगळी नावे घेतलीत. व्हिएतनाम आले, अफगाणिस्तान तर दोनदा आले. श्रीलंका एकदाही आली नाही. आपल्याच देशात सरकार बदलले आणि परमुलखात अडकलेली आपली फौज नव्या सरकारच्या काळात घरी आली. या गोष्टीला अख्ख्या अग्रलेखात एक ओळ मिळू नये?

श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेत मी होतो, सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहनाच्या शाखेत. १९८८ च्या अखेरीस तिकडे गेलो आणि २४ मार्च १९९० रोजी तिथल्या त्रिंकोमाली बंदरातून शेवटची माणसे निघाली, त्यांच्यासोबत परतलो. त्यामुळे हे पत्र रागाने लिहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तुमचा मुख्य मुद्दा असा की नव्या सरकारवर जुन्या चुकीचे ओझे नसते, म्हणून ते युद्ध लवकर आवरते घेऊ शकते. तारखा तसे सांगत नाहीत. निक्सन जानेवारी १९६९ मध्ये आले, व्हिएतनामबाबतचा पॅरिसचा करार जानेवारी १९७३ मध्ये झाला. फ्रान्समध्ये द गॉल जून १९५८ मध्ये आले, अल्जीरियाचा करार मार्च १९६२ मध्ये. गोर्बाचेव्ह मार्च १९८५ मध्ये आले, शेवटचा रशियन सैनिक अफगाणिस्तानातून फेब्रुवारी १९८९ मध्ये बाहेर पडला. तिन्ही ठिकाणी जवळजवळ चार वर्षे. निक्सन यांच्या त्या चार वर्षांत वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसे किती मेली त्याला तर गणतीच नाही. ओबामांनी डिसेंबर २००९ मध्ये आणखी ३०,००० सैनिक अफगाणिस्तानात पाठवायचे जाहीर केले, तेव्हा त्यांना खुर्चीवर बसून वर्षही झाले नव्हते. नव्या माणसालाही आपल्या हातून झेंडा उतरलेला नको असतो. ‘थोडा जोर लावून बघू, म्हणजे मानाने निघता येईल’ हे तो आल्या आल्याच म्हणू लागतो, आणि तो जोर लावायला माणसे लागतात.

कोरियात आयसेनहॉवर यांना सहाच महिने लागले, हे खरे. पण तिथे वाटाघाटी १९५१ पासून चालू होत्या आणि युद्धकैद्यांच्या प्रश्नावर अडल्या होत्या. मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेले आणि वाट मोकळी झाली. घरी परत जायला नकार देणाऱ्या त्या कैद्यांना सांभाळायला पुढे भारताचीच फौज गेली होती, मेजर जनरल थोरातसाहेबांच्या हाताखाली. हेही तुमच्या लेखात नाही. आणि तिथे झाली ती शस्त्रसंधी. शांततेचा करार आजपर्यंत झालेला नाही.

आता श्रीलंकेचे. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, लगेच फौज गेली आणि ऑक्टोबरात ज्या तमिळांच्या रक्षणासाठी म्हणून गेलो त्यांच्यातल्याच वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढाई जुंपली. तिकडे प्रेमदासा अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांनी निघून जा म्हणून धोशा लावला. बरोबर दोन वर्षांनी, २९ जुलै १९८९ ला, पहिली तुकडी परत निघाली. सप्टेंबरात दोन्ही सरकारांनी वर्षअखेरची मुदत ठरवली. व्ही. पी. सिंह यांचे सरकार आले डिसेंबरात. म्हणजे निघायचे आधीच्याच सरकारने मान्य केले होते, नव्याने ते तडीस नेले. इराकमध्येही तेच झाले. २०११ अखेरची तारीख बुश यांच्या सरकारने २००८ मध्येच लिहून दिली होती. मग युद्ध कोणी संपवले, हा वाद घालायचा तर या तारखा पुढे ठेवून घाला.

तारीख जाहीर झाली की खाली काय होते ते सांगतो. २९ जुलैला जहाज निघाल्याची बातमी आम्ही रेडिओवर ऐकली आणि त्या रात्री लंगरमध्ये कोणी धड जेवले नाही. जो तो आपला नंबर कधी याचा हिशेब करत होता. ऑगस्टमध्ये सकाळी रस्ता तपासायला गेलेल्या तुकडीतला आमचा एक गडी सुरुंगावर गेला. त्या दिवशी वायरलेस सेटवर मी होतो. नंबर, हुद्दा, नाव, युनिट, वेळ, एवढे पुढे पाठवायचे असते. नाव पाठवताना समोरचा म्हणाला, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितले. तो म्हणाला, अक्षरे फोडून सांग. त्याच्याबरोबर मी आठ महिने एकाच तंबूत राहिलो होतो आणि त्याचे नाव एकेक अक्षर फोडून मला तीनदा सांगावे लागले. त्याच्या घरी त्याची पत्रे ‘मार्फत ५६ एपीओ’ अशा लष्करी टपालाच्या पत्त्याने जात. तो श्रीलंकेत नेमका कुठे होता, हे त्याच्या आईला तो गेल्यावर कळले. परतीचा रस्ता खुला झाल्यावर मेला तो. त्याच्यासाठी युद्ध कोणत्या सरकारने संपवले, तेही लिहा कधीतरी.

आणि तो मुलगा. आपण निघाल्यावर तिथल्या प्रांतिक सरकारच्या पाठीशी कोणीतरी हवे, म्हणून तमिळ पोरांची एक फौज उभी केली होती. पुष्कळ पोरे जबरदस्तीने उचलून आणलेली. त्यांच्यातला एक आमच्या छावणीच्या फाटकावर यायचा. सोळा-सतरा वर्षांचा असेल. रायफल त्याच्या खांद्याला जड व्हायची, पट्ट्याखाली चिंधी घडी करून घातलेली असायची. त्याला हिंदी येत नसे, मला तमिळ येत नसे. रोज बोटांवर मोजत विचारायचा, ‘सर, यू गो, व्हेन?’ मी हाताने ‘अजून वेळ आहे’ असे दाखवायचो. मला तारीख माहीत होती. सांगायची परवानगी नव्हती, आणि खरे सांगायचे तर धीरही नव्हता. आम्ही मागे सरकत गेलो तसतसे वाघ पुढे आले आणि त्या पोरांची फौज बघता बघता मोडली. पुष्कळ मारले गेले. त्या प्रांतिक सरकारचे मुख्यमंत्री भारतात आले. त्या मुलाचे काय झाले, मला माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात तो फाटकावर आला नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर विमानामागे धावणारी माणसे टीव्हीवर बघितली, तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. घरच्यांना वाटले, तब्येत बिघडली.

आमचे जहाज निघाले मार्चमध्ये. जूनमध्ये तिथे पुन्हा लढाई पेटली आणि शरण आलेल्या शेकडो पोलिसांना वाघांनी मारून टाकले. पुढच्या वर्षी राजीव गांधी गेले, १९९३ मध्ये प्रेमदासा. ते युद्ध थांबायला मे २००९ उजाडावे लागले, आम्ही निघाल्यावर एकोणीस वर्षांनी. रशियन निघाल्यावर अफगाणिस्तानातही तसेच झाले. रशियनांनी मागे ठेवलेले अध्यक्ष नजीबुल्ला तीन वर्षे टिकले आणि मग काबूलसाठी त्यांना पाडणारे मुजाहिदीनच आपसांत लढले. म्हणून तुमच्या लेखातला ‘युद्ध संपवले’ हा शब्द मला खटकतो. ‘सैन्य काढून घेतले’ म्हणा. अमेरिकेच्या बाबतीतही तेच म्हणा. फौज परत आणायला नको होती असे मी म्हणत नाही. आणायलाच हवी होती, आणखी आधी आणायला हवी होती. पण मागे राहिलेल्यांचे काय करायचे, हे निघायच्या आधी ठरवायला हवे होते, आणि ते ना जुन्या सरकारने ठरवले ना नव्याने.

आम्ही मद्रासला उतरलो तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचे मला आता फारसे वाटत नाही. वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. काही वर्षांपूर्वी एका सवलतीसाठी एका कार्यालयात अर्ज भरत होतो. ‘कोणत्या युद्धात भाग घेतला’ असा रकाना होता. मी श्रीलंका लिहिले. खिडकीतला मुलगा म्हणाला, काका, ते युद्ध नव्हते, ती शांतिसेना होती, हे खोडा. मी त्याला सांगितले, अकराशेहून जास्त जवान गेले आहेत तिथे. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनच्या मेजर परमेश्वरन यांना परमवीर चक्र मिळाले ते याच लढाईत. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने कधी ऐकलेच नव्हते. कुठे ऐकणार? तुमचे वर्तमानपत्र दरवर्षी २६ जुलैला कारगिलवर पुरवणी काढते. काढायलाच हवी, माझ्या ओळखीची माणसे तिथेही लढली. पण तीनच दिवसांनी २९ जुलै येते आणि त्या दिवशी तुमच्या अंकात काही नसते. गेल्या वर्षी मी आधीच दोन पाने लिहून पाठवली होती. त्यातल्या चार ओळी छापल्यात, त्याही ९ ऑगस्टला, आणि मथळ्यात ‘शांतीसेना’ असे चुकीचे लिहून.

या वेळी जागा कमी असेल तर निक्सन आणि द गॉल यांचा मजकूर कापा, कोरियाही कापा. सुरुंगावर गेलेला माझा मित्र आणि फाटकावरचा तो मुलगा, एवढे दोन परिच्छेद ठेवा.

आपला,
एक निवृत्त हवालदार