सरसकट व्याजाचा खरा दर

काटकसरीचे सल्ले देणारे किरकोळ खर्चाच्या मागे हात धुऊन लागतात, हप्त्यांवरच्या व्याजाकडे मात्र काणाडोळा करतात. ‘सरसकट १२ टक्के’ दराने वर्षभराच्या मासिक हप्त्यांवर घेतलेले कर्ज प्रत्यक्षात सुमारे २१.५ टक्क्यांना पडते. मुद्दल दरमहा फिटत जाते, पण व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारले जाते. प्रक्रिया शुल्क आधीच कापले, तर दर आणखी चढतो. (जाहिरातीत हे कुठून असणार!) पडताळण्यासाठी स्प्रेडशीटच्या ‘रेट’ सूत्रात हप्त्यांची संख्या, उणे चिन्हासह हप्ता आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम भरावी, उत्तराला १२ने गुणावे. उणे चिन्ह द्यायचे राहून गेले तर उत्तरच येत नाही. हप्त्यांवरच्या ‘बिनव्याजी’ खरेदीत हातात पडलेल्या रकमेच्या जागी रोखीची सवलतीतली किंमत घालावी.

– एक वाचक