नवव्या इनिंगचा पोरगा

अटलांटा,
२० नोव्हेंबर २०११

प्रिय सुन्या,

दिवाळीत फोनवर तू विचारलंस, "त्या बेसबॉलमध्ये तुला एवढं काय सापडलंय रे?" तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी विषय बदलला. आज रविवार आहे, घरात शांतता आहे, म्हणून निवांत लिहितोय. या वर्षी मी एका पोराच्या मागे वेडा झालो होतो. क्रेग किंब्रेल, वय २३, इथल्या अटलांटा ब्रेव्हज संघाचा रिलीफ पिचर. परवाच्या सोमवारी त्याला नॅशनल लीगचा वर्षातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून निवडलं. ३२ जणांनी मतं दिली आणि ३२ च्या ३२ जणांनी पहिलं नाव त्याचंच लिहिलं. बातमी वाचली आणि पहिली आठवण तुझी झाली. का, ते पुढे येईल.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. आपल्याकडे पाच बोलर आलटून पालटून टाकतात. इथे सामना नऊ इनिंगचा, आणि एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन-तीन जण बाद होईपर्यंत खेळ चालतो. एकच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सुरुवात करतो आणि सहा-सात इनिंग एकटाच टाकतो. तो थकला की कुंपणामागच्या बुलपेनमधून दुसरा येतो. तो रिलीफ पिचर. त्यातही शेवटची, नववी इनिंग ज्याच्याकडे असते तो क्लोजर. आपला संघ एक-दोन-तीन रन्सनी पुढे असतो, समोरच्यांचे फक्त तीन जण बाद करायचे असतात. केले, तर त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. नाही जमलं, तर अडीच-तीन तास बाकीच्यांनी गाळलेला घाम पाण्यात. तो दिवसभर बसून राहतो, फोन वाजला की उठतो, हात गरम करतो आणि धावत मैदानात येतो. पंधरा मिनिटांचं काम, पण सगळा हिशेब त्या पंधरा मिनिटांत.

आपली स्लॉग ओव्हर समज. फरक एवढाच की हा पोरगा रोज तीच ओव्हर टाकतो. हंगामात १६२ सामने, त्यातल्या ७९ सामन्यांत तो टाकायला उभा राहिला.

उंचीनं बेताचा आहे. पिचर म्हटलं की इथे सव्वासहा फुटी ताडमाड माणसं असतात, त्यांच्यात हा पोरसवदा दिसतो. टाकण्याआधी तो कमरेत वाकतो, उजवं कोपर बाजूला काढतो आणि हात तसाच लोंबता सोडतो, एखादा पक्षी पंख पसरून थबकावा तसा. तिथून कॅचरच्या, म्हणजे इथल्या विकेटकीपरच्या, बोटांच्या खुणा वाचतो. मग सरळ होतो आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा चेंडू सोडतो. पिचर आणि बॅटरमधलं अंतर साडेसाठ फूट, म्हणजे आपल्या पिचपेक्षाही कमी, आणि टप्पा पडत नाही! बॅटरला निर्णय घ्यायला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही.

तो अलाबामाचा. वडील इलेक्ट्रिशियन. कॉलेजात असताना वडिलांच्या हाताखाली काम करत होता, तेव्हा पायावर जिप्सम बोर्डांची थप्पी पडून हाड मोडलं. उभं राहून टाकता येईना, तर या पठ्ठ्यानं गुडघ्यांवर बसून चेंडू टाकायला सुरुवात केली. पायांचा जोर मिळत नव्हता, सगळं खांदा आणि कमरेवर. पाय बरा होऊन उभा राहिला तेव्हा वेग वाढलेला होता. २००७ साली ब्रेव्हजनी त्याला ३३व्या फेरीत निवडलं होतं, म्हणजे जवळजवळ विचारात नसल्यासारखंच. त्यानं करार केला नाही. पुढच्या वर्षी त्याच संघानं त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं. ही गोष्ट मी माझ्या मुलीला तीनदा सांगितली आहे.

गेल्या वर्षी तो थोडे सामने खेळला होता. ६२ जण बाद केले, त्यातले ४० सरळ स्ट्राइक आउट, म्हणजे फिल्डरांच्या मदतीशिवाय बाद. पन्नास इनिंगपेक्षा कमी टाकल्या असल्यामुळे नियमानुसार या वर्षीही तो रूकीच, म्हणजे नवोदितच, धरला गेला. आणि या वर्षी त्याच्या हातात थेट शेवटची इनिंग दिली.

सुरुवात अडखळतच झाली. उन्हाळा चढला तसा मात्र तो असा काही बसला की विचारू नकोस. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सलग ३७ इनिंगहून अधिक टाकल्या आणि एकही रन दिला नाही. सातव्या इनिंगला ओफ्लॅहर्टी, आठव्याला व्हेंटर्स, नवव्याला किंब्रेल, असा क्रम लागला की समोरचा संघ सातव्यातच मान टाकायचा. ऑगस्टच्या शेवटी त्यानं नवोदितांचा ४० सेव्हचा विक्रम मोडला. तो विक्रम आदल्याच वर्षी नेफ्ताली फेलिझनं केला होता. वर्षअखेरीस ४६ सेव्ह झाले. २३१ जण बाद केले, त्यात १२७ स्ट्राइक आउट. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा मागच्या सात फिल्डरांना नुसतं उभं राहायचं होतं.

माझं एक मत इथे नोंदवतो. त्या तिघांना फार राबवलं. व्हेंटर्स ८५ सामने, किंब्रेल ७९, ओफ्लॅहर्टी ७८. प्रत्येक सामना एक-दोन रन्सचा, प्रत्येक रात्री तेच तिघे. हात शेवटी हाडामांसाचाच असतो. सप्टेंबरात जे झालं ते मनोबलाचं प्रकरण म्हणून लोक बोलतात, मला ते पटत नाही. मला ते दमलेले खांदे वाटतात.

सप्टेंबर उजाडला तेव्हा ब्रेव्हज पुढच्या फेरीच्या जागेसाठी सेंट लुईसच्या कार्डिनल्सपेक्षा साडेआठ सामन्यांनी पुढे होते. आमच्या ऑफिसात लोक ऑक्टोबरच्या तिकिटांची भाषा करत होते. मग घसरण सुरू झाली. ९ तारखेला त्याच कार्डिनल्सविरुद्ध नवव्या इनिंगला दोन बाद झालेले, आणि किंब्रेलच्या चेंडूवर पुहोल्सनं बरोबरी करणारा फटका मारला. सामना गेला. १९ तारखेला फ्लोरिडात पुन्हा दोन बाद. एक साधा चेंडू दिव्यांच्या झोतात फिल्डरला दिसलाच नाही, आणि पाठोपाठ इन्फांटेचा होम रन. तोही सामना गेला. साडेआठ सामन्यांची आघाडी अशी वितळत गेली की २८ सप्टेंबरला, शेवटच्या दिवशी, दोन्ही संघ बरोबरीत होते.

त्या रात्री मी टर्नर फील्डवर होतो. हे स्टेडियम १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं. याच ऑलिंपिकमध्ये पेसनं कांस्य जिंकलं तेव्हा तुझे अण्णा म्हणाले होते, "खाशाबांनंतर ४४ वर्षांनी!" आणि आपल्याला कऱ्हाडच्या रस्त्यावरचं खाशाबांचं गाव गोळेश्वर दाखवायला घेऊन गेले होते. त्या जिन्यांवरून चढताना मला दर वेळी ते आठवतं.

समोर फिलाडेल्फिया. आमच्याकडे ३-२ अशी आघाडी, नववी इनिंग. कुंपणाचं दार उघडलं आणि तो धावत आला. सगळं स्टेडियम उभं. माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते, मांडीवर स्कोअरची वही, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूला चौकोनात बारीक रेघ. पहिल्याच बॅटरला, पोलँकोला, सिंगल गेली. त्यांनी रेघ ओढली. मग एक स्ट्राइक आउट. मग एक वॉक, म्हणजे चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस. मग आणखी एक. सगळे बेस भरले, तिन्ही थांब्यांवर त्यांचे धावणारे उभे. चेंडूचा वेग तोच होता, पण पडायचा तिथे पडत नव्हता, चार बोटं बाहेर, चार बोटं वर. दोन चेंडूंच्या मध्ये तो माउंडच्या, म्हणजे टाकायच्या उंचवट्याच्या, मागे जायचा, चेंडू हातात फिरवायचा, मोठा श्वास घ्यायचा आणि परत यायचा. ते परत येणं दर वेळी जरा लवकर होत होतं. मला वरून ते दिसत होतं आणि पोटात खड्डा पडत होता, कारण हे मी आधी पाहिलं होतं.

अटलीनं लांब फटका उचलला. झेल झाला, पण तिसऱ्या बेसवरचा धावला. ३-३. शेजारच्या गृहस्थांनी पेन्सिल वहीत आडवी ठेवली. थोड्या वेळात मॅनेजर मैदानात आला आणि त्यानं किंब्रेलच्या हातातून चेंडू घेतला. तो खाली मान घालून डगआउटकडे चालत गेला. गृहस्थांनी खिशातून छोटं शार्पनर काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पुढचं पान उलटलं. एक शब्द बोलले नाहीत.

सामना तेराव्या इनिंगपर्यंत गेला आणि ४-३ असा हरलो. शेवटचे दोघे एकाच चेंडूवर बाद झाले, फ्रीमनच्या फटक्यावर. तोही रूकीच. नवोदितांच्या मतदानात किंब्रेलच्या खालोखाल दुसरा आला तो हाच. तिकडे कार्डिनल्स जिंकले, आम्ही एका सामन्यानं मागे राहिलो, आणि महिन्याभरात त्यांनी वर्ल्ड सिरीजही नेली.

सुन्या, आता सांगतो तू का आठवलास ते. १९९६ चा डिसेंबर, सांगलीचं शिवाजी स्टेडियम, आंतरमहाविद्यालयीन सामना. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना सात हवे होते आणि चेंडू तुझ्या हातात होता, कारण त्या दिवशी तुझ्याइतकं चांगलं कुणीच टाकलं नव्हतं. पाचव्या चेंडूवर सामना गेला. तूही रनअपच्या टोकाला जाऊन असाच चेंडू फिरवत होतास आणि असाच दर वेळी थोडा लवकर परत येत होतास. मी मिडऑफला होतो. मला दिसत होतं. मी दहा पावलं चालून तुझ्यापाशी यायला हवं होतं, "थांब, श्वास घे" एवढंच म्हणायला. आलो नाही. सामना संपल्यावर तू रोलरवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होतास आणि आम्ही सगळे बसस्टँडकडे निघालो. मीही. पुढच्या वर्षी तू नेटला आलाच नाहीस, आणि त्या ओव्हरबद्दल आपण पंधरा वर्षांत एकदाही बोललो नाही.

त्या रात्री किंब्रेल पत्रकारांसमोर उभा राहिला, प्रश्नांना उत्तरं दिली. टीव्हीवर पाहताना मी आवाज बंद केला, मला ऐकवेना. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की नंतर त्याच्याजवळ कुणी बसलं का. ते कॅमेऱ्यात दिसत नाही. पण गेल्या सोमवारी त्या ३२ जणांची मतं जाहीर झाली, तेव्हा मला वाटलं, यांनी त्या एका रात्रीवरून पूर्ण हंगाम मोजला नाही. मी मात्र तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही की त्या सामन्यात आधीच्या नऊ ओव्हर्स तू कशा टाकल्या होत्यास. आपण शेवटच्या ओव्हरपर्यंत पोचलो तेच तुझ्यामुळे.

डिसेंबरात माझा मावसभाऊ पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर एक बेसबॉल पाठवतोय, खराखुरा, मेजर लीगचा. आपल्या चेंडूपेक्षा दहा-पंधरा ग्रॅमनी हलका आहे. शिवण एकाच रांगेत न जाता घोड्याच्या नालासारखी वळत जाते. १०८ दुहेरी टाके, जपमाळेच्या मण्यांइतके. नालाच्या आडव्या दिशेनं पहिली दोन बोटं शिवणीवर ठेव, अंगठा खाली, तळहात चेंडूला टेकू देऊ नकोस. ओम्याला समोर बसव, हातात चांगला जाड ग्लोव्ह दे, वीस पावलं मोज आणि टाक. पहिले दोन-चार कुठेही जातील. तुझं मनगट अजून तसंच असणार, मला खात्री आहे.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार. अण्णांचा गुडघा कसा आहे ते कळव. मी पुढच्या रविवारी इथल्या सकाळी फोन करेन, तुमच्याकडे संध्याकाळ असेल. जेवणाआधी तासभर मोकळा ठेव. मला त्या ओव्हरचे पाचही चेंडू तुझ्या तोंडून ऐकायचे आहेत.

तुझा,
अव्या